सांधा

दाउगावपिल्सच्या वाचनालयात गुरुवारी संध्याकाळी
नीतिशास्त्राचा वर्ग असतो, माझा. सात विद्यार्थी,
त्यातले तिघे केवळ हीटरसाठी येतात.

मी फळ्यावर दोन रूळ काढले.
एकावर पाच रेघा, दुसऱ्यावर एक.
गाडी सुटलेली, ब्रेक निकामी, सांध्याचा दांडा तुमच्या हातात.
बोला.

बेकरीतली स्काइद्रीते म्हणाली, पाच मोठे की एक?
यात विचारायचं काय.
मी लिहिलं : परिणाम.
नाउरिस, जो वकिलीचा अभ्यास करतो, म्हणाला,
पण ओढणारा हात माझा आहे.
माणूस म्हणजे पाचर नव्हे, हवी तिथं ठोकायला.
मी लिहिलं : कर्तव्य. खडू मोडला.

मागच्या बाकावर विटोल्ड्स. एकतीस वर्षं सांधेवाला,
जंक्शनच्या उत्तर केबिनमध्ये.
त्यानं कानटोपी काढली, जी तो कधीच काढत नाही.
"महिना कोणता?"
मी म्हटलं, यात महिना नाही.
"महिना असतोच, बाई. फेब्रुवारीत दांडा एका हातानं हलत नाही.
आणि हा एकटा कोण? रुळावर काय करतोय?
त्याला हाक मारली का कुणी?"

सगळे हसले. तोही हसला, जरा उशिरा.
मग म्हणाला, एकदा ओढला होता मी.
मालगाडीचे सुटलेले चार डबे, लाकडानं भरलेले.
इकडे कामगारांची टोळी जेवायला बसलेली.
तिकडे कुणी नाही, असं वाटलं होतं.

हीटरची टिकटिक.

"वाटलं होतं," तो पुन्हा म्हणाला.
"तुमच्या फळ्यावर सगळं दिसतं.
केबिनमधून धुकं दिसतं."

कोण होतं, ते आम्ही विचारलं नाही.
त्यानं सांगितलं एवढंच, की त्यानंतर रोज
ड्यूटी संपल्यावर, पगारात न धरलेली वीस मिनिटं
तो सांध्यांना वंगण घालत बसे,
रात्रभर एकही गाडी येणार नसली तरी.
कुणासाठी? नाउरिसनं विचारलं.
विटोल्ड्स गुडघे चोळत उठला.
"आता हे सांधे कुरकुरतात."

याला पुस्तकात शब्द आहे : सद्गुण.
मी तो लिहिला नाही.

नऊला फळा पुसला. पाच रेघा गेल्या.
ती एकटी रेघ ओल्या फडक्यालाही दाद देईना.
दाबून काढली होती मी, का कोण जाणे.

दारात त्यानं विचारलं, पुढच्या गुरुवारी काय?
खोटं बोलावं का, मी म्हटलं.
तो काहीतरी विचारणार होता.
मग कानटोपी घातली, आणि बर्फात उतरला,
एकेक पायरी, कठडा धरून.