पुढचा भाग

वादळानंतर अकराव्या दिवशी आम्ही हर्णैला उतरलो,
रिसोडहून आठ जण, दोन शिड्या, एक चेनपुली.
समुद्र पहिल्यांदाच पाहत होतो
तर तो गढूळ, साध्या चेहऱ्याचा, काही झालंच नाही असा.

खांब आडवे. माडांची डोकी तारांत.
वाटलं होतं लोक शिव्या देतील, लाइट कधी येणार विचारतील.
पहिल्याच दारात बाई म्हणाली,
"तुमच्याकडं होती ना रे लाइट? मग सांग,
सुनेचं काय झालं?"

कोणती सून?
"घड्याळ झालेली."

मग तिनंच सांगितलं, अंगणात ओल्या गाद्या उलटत:
मालिकेतल्या सुनेला शाप लागलाय,
ती भिंतीवरचं घड्याळ झालीय.
सासू रोज सकाळी किल्ली देते, तिला ठाऊकच नाही
कोणाच्या पाठीत फिरवतेय.
नवरा समोर बसून जेवतो, वेळ बघतो, तिला बघत नाही.
आणि नेमका भंगारवाला दारात आला
तेव्हाच वीज गेली.

माझ्या घरी आई बघते हे सगळं. मी नाही.
मी बघतो डीपी, फ्यूज, आणि मिळाली तर झोप.
पण ही बाई, रुकैया मुकादम, घरावर कौल उरलेलं नाही
आणि विचारतेय भंगारवाल्यानं किती दिले.
म्हटलं, "दीडशे."
"फक्त?" तिनं कपाळाला हात लावला. "लंबक पितळेचा होता."

तिथून सुरू झालं.

खालच्या आळीत हिराजी पावशेच्या ओट्यावर
मी घड्याळ भंगारातून सोडवलं, होडीवर चढवलं.
हिराजी म्हणाला, होडीवर कशाला,
भरती काय घड्याळ बघून येते?
म्हणून मी ते भरतीवर चालवलं,
रोज पन्नास मिनिटं मागे पडणारं.
तो खूश झाला. पुडीत सोडे बांधून दिले.

वरच्या वाडीला वेगळंच सांगितलं. तिथं पोरं होती,
तेरा ठोके मागत होती, दिले.
तेराव्या ठोक्याला सासूची वाचा जाते, हे मात्र
एका सुनेनं चुलीपासून सुचवलं,
हळू आवाजात, सासू विहिरीवर असताना.

नऊ दिवस. खांब एकशे चौदा. भाग किती, मोजले नाहीत.
रात्री शाळेच्या वर्गात आडवं झालं की पोटात गोळा:
दोन वाड्या, दोन गोष्टी,
मासळीच्या लिलावाला भेटतातच ना माणसं.
आणि लाइट आली की कळणारच खरं काय ते.

शेवटचा जंपर मीच जोडला. संध्याकाळी सात-दहाला.
खाली एकदम ओरडा झाला, पंखे फिरले असतील.
मी वरच बसून राहिलो.
मुकादमांच्या ताडपत्रीवर आतून निळा उजेड हलत होता.
मालिकेत पाटी आली म्हणे: वीस वर्षांनंतर.
नवी माणसं, नवं घर, भिंतीवर साधा खिळासुद्धा नाही.
घड्याळाचं कुणी नावच काढेना.

रुकैयाबाई बाहेर आली. खांबाकडे वर बघितलं.
काही बोलली नाही.
सकाळी ट्रक निघाला तेव्हा एका पोराबरोबर
सुक्या बोंबलांची जुडी पाठवली,
वाशीमपर्यंत ड्रायव्हर नाक दाबून.

आता डिसेंबर. हरभऱ्याला रात्रीचं पाणी,
रोज कुठं ना कुठं फॉल्ट.
काल खांबावर असताना फोन वाजला, अनोळखी नंबर,
मागे समुद्राचा आवाज, किंवा पंख्याचा.
"भाऊ, ती होडीवर होती ना,
खारं पाणी लागलं. मग गंजली कशी नाही?
आणि गंजलेली बाई तेरा ठोके देईल कशी?"

म्हणजे दोन्ही वाड्या भेटल्या होत्या.

म्हटलं, "मावशी, शटडाउन घेतलाय, हात तारेवर आहे.
उतरलो की सांगतो."

"उतर," ती म्हणाली. "इथं सगळ्या बसल्यायत."