नाताळातला ळ

सदरच्या बंगल्यावर आठवड्यातून तीनदा
मिस इशबेल गन यांना मराठी शिकवायला मी जाई.
महिना बारा रुपये, शिवाय परतताना
बागेतली दोन संत्री, कोटाच्या खिशात मावतील अशी.

त्यांना ळ येत नसे.
बाल म्हणत, डोले म्हणत.
वेल झाली, म्हणत घड्याळाकडे बघून
आणि मी उगाच व्हरांड्यावरच्या वेलीकडे पाही.
जीभ मागं वळवा बाई, टाळूला टेकवा,
मग सोडून द्या, पिकलं फळ पडतं तशी.
फल, त्या म्हणत.

डिसेंबर लागला. चौकाचौकात शेकोट्या.
दवाखान्यात सगळ्यांनी एकच धरलं,
पोरगी घरापासून इतकी लांब
आणि त्यातून आला नाताळ.
कंपाउंडर योनानं पतंगाच्या कागदाच्या पताका कापल्या.
रात्रपाळीच्या रिबेकाबाई मेश्राम
डबाभर करंज्या घेऊन आल्या,
'माय वं, आईची आठोन येत असंन नं?
खा, लाजू नोको.'
मिस गन खात राहिल्या, मान खाली.
आम्ही समजलो, गळा भरून आला.

चोवीस तारखेच्या धड्याला त्यांनी शुभवर्तमान उघडलं.
उद्या देवळात वाचायचा उतारा.
बाळ, बाळंतं, गुंडाळणं,
एका ओळीत इतके ळ की
मी परधर्माचा माणूस, तरी मला त्यांची कीव आली.
'गव्हाण म्हणजे?'
कोशातला शब्द सांगितला. त्यांचं समाधान होईना.
तेव्हा फळ्यावर अक्षरं दाखवायची छडी तशीच हातात,
त्यांना घेऊन मागच्या गल्लीत
सुखदेव गवळ्याच्या गोठ्यात गेलो.

म्हशी नुकत्या परतलेल्या.
गव्हाणीत कडबा, थोडी सरकी,
लाकडाची कड पिढ्यान्‌पिढ्या चाटून
देवघरातल्या पाटासारखी गुळगुळीत.
त्यांनी तिच्यावरून हात फिरवला.
गवळणीनं गोवऱ्या पेटवल्या, धूर आमच्यावर आला
आणि मिस गन तिथंच,
शेणाच्या अलीकडे की पलीकडे हे न पाहता,
मटकन खाली बसल्या.

कळलं ते तुकड्यातुकड्यानं.
त्यांचं बेट. झाड औषधाला नाही.
दलदलीतली काळी माती वड्यांसारखी कापायची,
वाळवायची, चुलीत घालायची.
तिचा वास असा.
आणि घरात इंग्रजी नाही. इंग्रजी शाळेत,
छडीच्या धाकानं.
(माझी छडी मी पाठीमागे घेतली.)

मग नाताळ?
नाताल आमच्यात नाही, त्या म्हणाल्या.
मंडळी कडक. सण म्हणजे माणसानं काढलेलं खूळ.
पंचवीस तारखेला बाप होडीला डांबर फासायचा,
आई गाईखाली बसायची,
गुरुवार असला तर तो गुरुवार.
'हा माझा पहिला. इथला.
रिबेकाबाईंना मी कसं सांगू?'

नका सांगू, मी म्हटलं.
का म्हटलं, ते आजही नीट सांगता येणार नाही.

उठताना त्यांनी गवळणीला हात जोडले.
'येते, काकू. वेळ झाली.'

जड होता, ओला होता,
सुंदर म्हणावा असा नव्हता. पण ळ होता.
गवळणीला त्यात काहीच विशेष वाटलं नाही.
ती म्हशीला म्हणाली, सरक.

दुसऱ्या दिवशी देवळाबाहेर चिंचेखाली मी उभा होतो,
आत ढोलकी, झांजा, करंजीच्या तुपाचा वास.
त्यांनी वाचलं. बाल. बालंतं. गुंडालून.
एकूण एक ल.
रिबेकाबाई पदरानं डोळे पुसत होत्या,
योना शेजाऱ्याला सांगत होता, काय वाचते बाप्पा!

महिनाअखेर पैसे देताना
हिशेबाच्या वहीत त्यांनी मराठीत लिहिलं,
धडे तेरा.
गोठ्यातला त्यात धरला होता की नाही,
मी विचारलं नाही.