पासवर्ड

औसा रोडला, डाळमिलच्या मागं, तिसरा मजला.
आधी इथं नीटचे क्लास चालायचे;
फळ्यावर बेंझिनचं कडं अजून पुसट दिसतं
आमच्या टार्गेटखाली.

साडेदहाला स्टँडअप.
आम्ही अकरा जण उभे,
अभिनंदन सर बसलेले.
‘ही कंपनी नाही, घर आहे,’ म्हणतात.
आता घरात पगार कोण मागतं?

शिवकन्यानं मागितला. दोन महिन्यांचा.
उदगिरी हेलात, भर मीटिंगमध्ये:
‘घर म्हणता सर,
मग जेवलीस का म्हणून
एक दिवस इचारलं नाही वो.’

कुणी हसलं नाही.
मी लॅपटॉपच्या झाकणाआड
नसलेली चूक दुरुस्त करत बसलो.

जेवणाआधी तिला ग्रुपमधून काढलं.
खुर्ची मन्मथनं ओढून घेतली,
त्याचीचं चाक मोडलं होतं.

रात्री सर्व्हर बसला.
सर स्वतः आले, घरच्या चपलेवर.
‘पासवर्ड काय रे?’
तो तिनंच ठेवलेला.
मी एकेक अक्षर सांगत गेलो,
पडद्यावर नुसते ठिपके.
तिच्या नावाचं स्पेलिंग
सरांना येत नव्हतं.

परत पहिल्यापासून.