डाव्या पायाचा हक्क

माँट्रियल, फेब्रुवारी. चौथ्या मजल्यावर
काचेच्या खोलीत आम्ही भुतांची सोयरीक जमवतोय.
भिंतीवर कागद : स्थळाचं नाव, गुणदोष, मागणी.
दीपगृहाचा राखणदार, फार महाग.
दात गोळा करणारी सुईण, देखणी,
पण तिच्या दोन वारसांत कोर्टकचेरी.
मेणाची नवरी. तिचे वकील म्हणतात,
तिला कुणी हसता कामा नये,
आणि दुसऱ्या सिनेमातल्या कुऱ्हाडीनं
तिला खरचटताही कामा नये.
मानपान मेल्यावरही सुटत नाही.

खेळ साधा आहे. चौघं पळतात, एक मारतो.
मारणारा दर तीन महिन्यांनी नवा लागतो,
नाहीतर पोरं दुसऱ्या खेळात जाऊन मरतात.

शेवटी पत्रिका जुळली बर्फवाल्याशी.
पहाटे दारात लादी ठेवून जातो,
लादीच्या आत कुणीतरी असतं.
सहा सिनेमे, सगळे स्वस्तातले,
शेवटचे दोन थेट कॅसेटवर.
चिमटा आमचा झाला, मफलर आमचा,
कातडी एप्रन आमचा. करार सव्वीस पानांचा.

चाल मात्र जमेना.
मी चालींचं काम करते. पडद्यावर सांगाडा उभा करून
त्याला पावलं टाकायला शिकवते.
तीन आठवडे तो नीट चालत राहिला
आणि कुणालाच भीती वाटेना.

मग जुन्या नामावलीत, अगदी तळाशी,
सँडविच पुरवणाऱ्याचे आभार मानलेत
त्याच्या वरच्या ओळीत सापडला
ओदिलाँ तेरियो.
चौऱ्याहत्तर वर्षांचा. रिमुस्कीहून बसनं आला,
पिशवीत स्वतःच्या सपाता घेऊन.
परक्या फरशीवर पाय विश्वास ठेवत नाही, म्हणाला.

आम्ही त्याला काळा घट्ट पोशाख चढवला,
सांध्यांवर चकाकते मणी लावले, बावन्न.
एवढं तर लग्नातही नटलो नव्हतो, म्हणाला,
आणि चालला.

उजवा पाय टेकतो.
मग श्वासाएवढी फट.
मग डावा, घासत,
मागून कुणी धरून ठेवल्यासारखा.
फिलिपच्या हातातला वेफर
तोंडापर्यंत गेलाच नाही.

दुसऱ्या सिनेमात, सपाता बदलताना त्यानं सांगितलं,
रात्री दोनला शिडी सरकली. विमा नव्हता.
दिग्दर्शक म्हणाला, अरे, असाच चाल,
झकास दिसतंय.
मग तिसऱ्यात. मग चौथ्यात.
मग घरी.

मी वकिलांना विचारलं,
लंगडण्याचे हक्क कुणाकडे?
दोन दिवसांनी उत्तर :
चिमटा, मफलर, एप्रन, परिशिष्ट ब पाहा.
पायाचा उल्लेख आढळला नाही.

एका दिवसाची मजुरी, बसचं भाडं, दुपारचं सूप.
पावतीवर सही घेतली.
मीच घेतली.

आता तो बुसानमध्ये चालतो, लीमामध्ये चालतो,
कुठल्या कुठल्या बंद दारांआडच्या
हेडफोन घातलेल्या लेकरांमागे,
आणि कधीच थकत नाही,
हे तर आम्ही त्याला फुकट दिलंय.

एप्रिलमध्ये त्याच्या नातीचं पत्र आलं. माएल, वय सतरा.
मी कपाटात लपले होते, लिहिते.
आमचे तिघं मेले होते.
बाहेर पाऊल वाजलं. फट. मग घासत.
पहाटे दूध तापवायला आजोबा उठतात
तेव्हा जिन्यात अस्संच वाजतं.
मी दार उघडून बाहेर आले.
जो कुणी तिकडून बर्फवाला खेळत होता
तो क्षणभर थांबला.
बहुतेक त्याला वाटलं, माझं नेट गेलं.
मग मारलं त्यानं.
राग नाही, तो खेळच आहे.

खाली, वेगळ्या शाईत :
मे महिन्यात आजोबांच्या खुब्याचं ऑपरेशन आहे.
डॉक्टर म्हणतात, नंतर सरळ चालतील.
तोपर्यंतचं सगळं
तुमच्याकडे नीट ठेवलंय ना?