गाळणी

विट्याच्या कॉलेजात, चहाच्या गाळणीत
शमीम मुलाणीनं टाकले चिमूटभर दाणे,
साखरेसारखे. खाली डिस्टिल्ड पाणी.
तासाभरात गाळणी काठोकाठ:
थरथरतं, काचेसारखं काहीतरी.

विरघळत कसं नाही? मी विचारलं.
साखळ्यांनी हात धरलेत, सर.
पाणी शिरलं की एकमेकींना ढकलतात,
लांब लांब सरकतात,
पण हात सोडत नाहीत.

मग पिशवीतून तिनं बाटली काढली.
घरच्या बोअरचं, आटपाडीकडचं.

त्यात दाणे जेमतेम जोंधळ्याएवढे झाले
आणि थांबले.

क्षार, ती म्हणाली.
वहीतला आकडा दोनदा खोडून
तोच परत लिहिला.

बाटलीत उरलेलं पाणी
बेसिनमध्ये ओतलं नाही तिनं.
झाकण घट्ट लावून
पिशवीत ठेवलं.