रजिस्टरात करंज

एकूण झाडं त्रेसष्ट.
जगलेली पन्नास,
त्यातलं एक मोजावं का नाही
ते माझं अजून ठरत नाही.

बिरोबाच्या माळावर खड्डा म्हणजे पहारीचं काम.
वीतभर मुरूम, खाली नुसता खडक.
आधी आम्ही राख घेऊन नदीला जायचो,
जतच्या पुढं, भाड्याच्या जीपनं,
मडकं मांडीवर धरून.
यल्लाप्पाच्या सावडण्याला जीपचा पाटा तुटला
आणि त्याची थोरली लेक म्हणाली,
बापानं जन्मात नदी बघितली नाही,
आता कशाला ओळख करून देताय?
लावा हितंच.
तो पहिला लिंब.

मी ग्रामपंचायतीचा शिपाई.
दवंडी, पाणीपट्टी, मोटार चालू, मोटार बंद,
आणि मंगळवार-शनिवार ह्यांना पाणी.
कॅन वीस लिटरचा, एकाला अर्धा.
फिरताना मी झाडांची नावं घेत नाही.
गंगव्वा पिली. सिद्राम पिला.
मास्तरांचं आळं फुटलंय.
पारूबाईला वाळवी लागली, औषध मारलं पाहिजे.
असं मोठ्यानं बोलत जातो.
टँकरचा एक नवा ड्रायव्हर हे ऐकून
पाइप तसाच टाकून केबिनमध्ये जाऊन बसला होता.

पाट्या जतच्या पेंटरनं रंगवल्या.
अक्षराला पाच रुपये, काना-मात्रा फुकट.
म्हणून आमच्यात सगळे आद्याक्षरांनीच मेले:
कै. म. सि. ऐवळे,
कै. द. बा. चौगुले.
एक पाटी कोरी आहे.
पाच दिवसांचं पोर, बारसं राहिलेलं.
पेंटरनं तिचे पैसे घेतले नाहीत,
हिरवा रंग मात्र दोन हात दिला.
ते झाड आहे.

नाना बिराजदारांच्या चिंचेला मी पाणी घालतच नाही.
दोन्ही पोरांची बांधावरून कोर्टात केस.
थोरला सकाळी एक घागर ओततो,
ते ऐकून धाकटा संध्याकाळी दोन.
चिंच माझ्या डोक्याच्या वर गेली.
निकाल लागला तर वाळेल.

आता जे सांगायचं होतं ते.
औंदा मे महिन्यात सत्तावीस दिवस टँकर आला नाही.
चौदा गेली.
तेरा घरी मी जाऊन सांगितलं,
चौदाव्या दारापर्यंत जाऊन परत फिरलो.
कोंडव्वा दर अवसेला येते, काठी टेकत,
बुडाशी बसून तंबाखू मळते,
एक चिमूट मातीत, एक चिमूट स्वतःच्या तोंडात.
तिला काय सांगू? तुझा दुसऱ्यांदा गेला म्हणून?

नर्सरीत करंज संपला होता.
जांभूळ होतं, तेवढ्याच उंचीचं.
रात्री बॅटरी दातात धरून बदललं.
पाटी जुनीच, तार जुनीच,
बाभळीचं कुंपणही परत होतं तसं लावलं,
हात फाटेस्तोवर.

अवसेला ती आली. बसली.
मी लांब, मोटारीच्या पेटीपाशी,
उगाच फ्यूज काढत, घालत.
तिनं एक पान तोडलं. चुरगळलं. हुंगलं.
जन्मभर शेरडं राखलेली बाई ती.
मला वाटलं, आता काठी येते.

"आण्णाप्पा," म्हणाली,
"करंजच होता रं त्यो.
साठ वर्सं कडू.
शेरडंबी तोंड लावत नव्हती."
मग चिमूट मातीत टाकली.
"ऱ्हाऊ दे आता ह्ये.
बघू तरी,
मरून गोड होतोय का."

उठताना तिनं माझा खांदा धरला.
मी फ्यूज उलटा बसवला होता,
त्या रात्री गावाला पाणी गेलं नाही.

रजिस्टरात अजून करंजच आहे.
ग्रामसेवकाला पानं कळत नाहीत.