रिकाम्या गाडीचं वजन

सावद्याच्या नाक्यावर साठ टनी काटा.
केबिनच्या खिडकीत मी, प्रमोदिनी झोपे.
हो, झोपे. हसा, तुमच्याआधी पुष्कळ हसलेत.
नावातच झोप, मग दमणार नाही तर काय,
असं चुलत दीर दर दिवाळीला नव्यानं म्हणतात.

केळीची गाडी रिकामी येते, चिठ्ठी.
भरून येते, पुन्हा चिठ्ठी.
भरल्यातून रिकामी वजा, उरला तो माल.
अकरा वर्षं एवढंच गणित,
आणि ते माझ्या हातून कधी चुकलं नाही.

मग जळगावहून ऊर्वी आली फॉर्म घेऊन,
फिजिओच्या शेवटच्या वर्षाची,
तोंडावरचा स्कार्फ सोडायच्या आधी पेन काढलं.
मागच्या चार आठवड्यांत, म्हणाली,
थकव्यामुळे कामं अर्धवट सोडावी लागली?
शून्य ते चार. शून्य म्हणजे कधीच नाही.

कोणते चार आठवडे, पोरी?
हा मे आहे. भुसावळला शेहेचाळीस.
कूलरची टाकी भरेपर्यंत
माझे पाय माझ्यापासून दोन शेतं लांब असतात.
डिसेंबरात यायचं होतंस.
भरिताच्या पार्टीत उभ्यानं पुऱ्या लाटल्या मी,
काड्यांचा धूर डोळ्यांत, आणि वर गप्पा.
तो आकडा नि हा आकडा
मिळवून दोनानं भागायचं का?

केस विंचरताना हात दमतात?
नाही. मार्चमध्ये कापूनच टाकले.
बटणं लावताना?
नाही. कुर्ते सगळे डोक्यातून घालायचे आता.
जिना चढताना?
आम्ही खालच्या खोलीत आलो, पलंगासकट.
तिनं तीन शून्यं मांडली, गोल, सुबक.
मग पेन थांबलं तिचं.

जे सुरूच केलं नाही
ते अर्धवट कसं सुटेल?

मागच्या साली घुशींनी काट्याची केबल कुरतडली.
आकडा थरथरायला लागला:
बारा टन चारशे, बारा टन नव्वद, शून्य.
गाडी तीच. जागची हललेली नाही.
मेकॅनिक पालथा पडून बघत म्हणाला,
लोखंड ठणठणीत आहे, वायरवरचं कव्हर गेलंय.
पुढे डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून
तेच सांगितलं, जरा जास्त पैसे घेऊन.
केबल साडेसहा हजारांत नवी मिळाली.

सासूबाई कळण्याची भाकर थापता थापता विचारतात,
काय व, काहीच तं केलं नही अजून, कायची थकली?
खरंच आहे त्यांचं.
सकाळचे नऊ. केलं काहीच नाही.
तेच तर.

दुपारी दोनला रस्ता ओस होता.
मी काठी टेकत काट्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले.
ऊर्वीला म्हटलं, आत बघ, किती आले?
पन्नास, ती ओरडली.
गुरुवारी बरी होते, तेव्हाही पन्नासच होते.
दहा दहा किलोंच्या पायरीनं चालतो हा काटा,
काठी त्यातच धरलेली.
गाडीचं बरं असतं,
खाली करून परत आणता येते.
मला खाली करून कोण आणणार, आणि कुठे ओतून?

परतीची वीस पावलं मी तिच्या खांद्यावर मोजली.
हाही एक प्रश्न घाल, म्हटलं.
ती ताक पीत बसली, पुसलेली शून्यं फुंकत.
ट्रॅक्टरनं हॉर्न दिला, मी बटण दाबलं,
रिकामा, तीन टन दोनशे दहा.

जाताना तिनं फॉर्मबाहेरचं विचारलं,
ताई, हे सगळं सांगून दमलात?
लिही, म्हटलं. चार.
तिनं ते समासात लिहिलं,
आणि शेजारी, बारीक अक्षरात:
सावदा. पंचेचाळीस पूर्णांक आठ. सावलीत.